दादा, परवा फेलओव्हर झाला आणि कुणाची फाईल गेली नाही

दादा, फोनवर बोललो असतो तर तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषय बदलला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

परवा दुपारी लॅबच्या पहिल्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय गेला आणि काम आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर गेलं, म्हणजेच फेलओव्हर. सबमिशनचा आठवडा, पोरं गच्च बसलेली, सगळ्यांच्या होम डिरेक्टरी (स्वतःच्या फाईलींचे फोल्डर) एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरच्याच डिस्कवर. दोन-अडीच मिनिटं स्क्रीन अडकले आणि जिथे होते तिथून परत सुरू झाले, हार्ड माउंटच ठेव (सर्व्हर गप्प झाला तरी क्लायंट, म्हणजे पोरांचे कॉम्प्युटर, एरर न देता वाट बघत राहतात) असं तुम्ही का म्हणत होतात ते तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

पहिल्यांदा तुम्हाला फोन केला तेव्हा मला वाटायचं की डीआरबीडी डेटा दोन्ही सर्व्हरच्या डिस्कवर लिहितोय, क्लस्टर (दोन सर्व्हरची जोडी) सांभाळणारा पेसमेकर आयपी पत्ता इकडचा तिकडे नेतोय, म्हणजे झालं. पण स्विच केलं की सगळीकडे 'स्टेल फाईल हँडल' (क्लायंटकडची फाईलची खूण आता चालत नाही) अशी एरर, तीन दिवस मी नेटवर्कच तपासत होतो. तुम्ही दोन्ही मशीनच्या एक्स्पोर्ट्स फाईल (नेटवर्कवर कुठले फोल्डर द्यायचे त्याची यादी) शेजारी शेजारी उघडायला लावल्यात, त्याच फोल्डरचा ओळख-नंबर, एफएसआयडी, एकीकडे 1 आणि दुसरीकडे 2, मग क्लायंटकडचं हँडल दुसरा सर्व्हर ओळखणार कसा! मग वार-लिब-एनएफएस हे फोल्डर शेअर्ड (डीआरबीडीच्या) डिस्कवर न्यायला लावलंत, कारण कोणकोण क्लायंट जोडलेले होते ती नोंद तिथे असते, त्यावरूनच ते क्लायंट 90 सेकंदांच्या ग्रेस पिरियडमध्ये (सवलतीच्या वेळात) आपापले लॉक (उघड्या फाईलवरचा ताबा) परत मागू शकतात. आणि आयपी सगळ्यात शेवटी, डिस्क, माउंट, एनएफएस, एक्स्पोर्ट सगळं उठल्यावर. "पानं वाढल्याशिवाय पाहुण्यांना हाक मारायची नाही", हे तुमचं वाक्य मी आता नवीन पोरांना सांगतो.

पण खरे आभार फेन्सिंगचे, म्हणजे बिघडलेल्या सर्व्हरला आधी सक्तीने बंद करण्याचे. मी ते करणारं स्टोनिथ बंद ठेवलं होतं, तुम्ही टेस्ट डेटावर दोन सर्व्हरच्या मधली केबल काढायला लावलीत आणि दोन्ही सर्व्हर स्वतःला प्रायमरी (मुख्य) समजून लिहायला लागले, ते बघून पोटात गोळा आला होता. नंतर आयपीएमआय (सर्व्हरमधलीच, त्याला दुरून बंद करणारी सोय) लावलं तरी तुमचं समाधान नाही, सर्व्हरची वीजच गेली तर आयपीएमआयपण मरतो, मग समोरचा बंद झाला याची खात्री कोण देणार, क्लस्टर तिथेच अडून बसेल. दुसऱ्या लेव्हलला स्विच्ड पीडीयू (दुरून वीज तोडता येणारा पॉवर बोर्ड) पाहिजेच म्हणालात. ऑफिसच्या खर्चासाठी अर्जसुद्धा रात्री अकराला तुम्हीच लिहून दिलात, स्वतःची ड्यूटी संपवून.

परवा नेमकं तेच झालं. लॉगमध्ये आधी आयपीएमआय फेल आणि लगेच खाली पीडीयू सक्सेस, त्या दोन ओळींचा फोटो तुम्हाला पाठवलाय.

मनापासून थँक्यू दादा. दिवाळीला आलात की लॅबमध्ये या, सगळ्या केबलना लेबल लावलीयत, तुम्ही सांगितली होती तश्शीच.