बाके काढल्याने टवाळखोर हटत नाहीत

महोदय,

आमच्या वसाहतीलगतच्या उद्यानातील कुंपणाकडेची बाके काही महिन्यांपूर्वी काढून टाकण्यात आली. अंधार पडल्यावर तेथे मद्यपी व टवाळखोर ठाण मांडतात, ही रहिवाशांचीच तक्रार होती आणि ती खरी होती. मात्र बाके गेली तरी ही मंडळी गेली नाहीत. आता ती हिरवळीवर आणि कारंज्याच्या कोरड्या हौदाच्या कठड्यावर बसतात व सकाळी माळ्याला गवतातून बाटल्यांच्या काचा वेचाव्या लागतात. येणे थांबले ते ज्येष्ठ नागरिकांचे. विड्या वळण्यात किंवा मागावर उभे राहण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, आणि बसलेच तर कोणाच्या तरी हाताशिवाय उठता येत नाही. सोलापुरातील विडी घरकुल किंवा जुळे सोलापूर या वसाहतींतील वृद्धांनी रोज दूरची हुतात्मा बाग गाठावी, अशी अपेक्षा कोणी करू नये; त्यांना घराजवळचीच बाग हवी.

बाक कोठे व कसे असावे, याचा आपल्याकडे पुरेसा विचार होत नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि दिवसभर उन्हात तापलेले ग्रॅनाइटचे किंवा लोखंडी बाक दिवस मावळल्यावरही बसण्याजोगे नसते. कोणाच्या स्मरणार्थ दिलेल्या बाकांवर नाव ठळक कोरलेले असते, पण पाठ टेकायला आधार नसतो आणि उठताना धरायला हातही नसतात. कडुनिंबाच्या सावलीत, चालण्याच्या मार्गाकडे तोंड करून, दिव्याच्या उजेडात बसवलेल्या बाकावर बायका-मुले व वृद्ध बसू लागले, की दारू पिणाऱ्याला तेथे आडोसा उरत नाही. आमच्याकडची बाके मात्र स्वच्छतागृहामागे, बंद पडलेल्या दिव्याखाली होती, आणि माझ्या मते सगळे दुखणे तेथेच होते.

कायद्याची उणीव नाही. दारूच्या अमलाखाली सार्वजनिक ठिकाणी बेशिस्त वर्तन करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 85 नुसार गुन्हा आहे. असभ्य वर्तन आणि शांतताभंगाच्या हेतूने केलेली शिवीगाळ यांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मध्ये अनुक्रमे कलम 110 व 112 आहे. उद्यानातील रखवालदाराला मात्र हटकण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि हटकले तर मार खाण्याची भीती असते. म्हणून पोलिसांची गस्त सायंकाळी सात ते दहा या वेळेत उद्यानाच्या आतून व्हावी. फाटकावरून गाडी वळवून नेल्याने काही साधत नाही.

कारवाई करताना तारतम्य बाळगावे, हेही आग्रहाने सांगावेसे वाटते. दोन खोल्यांच्या घरात जागा नाही म्हणून स्पर्धा परीक्षेचे पुस्तक घेऊन बसलेला मुलगा किंवा शांतपणे बोलत बसलेले तरुण-तरुणी यांना टवाळखोर ठरवून उठवणे अन्यायाचे आहे.

येत्या उन्हाळ्यापूर्वी काढलेली बाके सावलीच्या व उजेडाच्या जागी पुन्हा बसवावीत, बंद दिवे दुरुस्त करावेत आणि प्रत्येक फाटकावर पोलिसांच्या 112 या क्रमांकासह त्या भागातील पोलीस ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावावा, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांना करीत आहे.

– एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर