विरोधी बाकावरून

इंदूर

चि. निखिलस अनेक उत्तम आशीर्वाद.

‘आमचे विधायकजी (आमदार) विरोधात, म्हणजे पाच वर्षं फुकट गेली,’ हे तू लिहिलेलं मला अजिबात पटलं नाही. भोपाळला त्यांच्याकडे लागून तुला वर्षही झालं नाही, आणि इतक्यात हातपाय गाळलेस? माझ्या माहेरचे आमदार तुला माहीत असायलाच हवेत.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी घरातले, शिकून वकील झालेले, शेतकरी कामगार पक्षाचे. 1962 पासून 2014 पर्यंत त्याच मतदारसंघातून 11 वेळा निवडून आले. मंत्रिपद दोनदाच मिळालं, तेही थोडा काळ. पक्ष मात्र कधी बदलला नाही.

आमचा तालुका पर्जन्यछायेतला. ज्वारी-बाजरी, मेंढरं, डाळिंबं अलीकडची. कृष्णा वाहते लांब आणि खाली. तिचं पाणी माळावर आणायचं तर पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलावं लागतं, आणि त्याला सरकारची मंजुरी आणि पैसा लागतो. तुला हे वेगळं सांगायला नको. नर्मदाकाठच्या जलूदहून तिचं पाणी आपल्या इंदूरच्या नळाला 1978 ला आलं, तेसुद्धा 1970 च्या आंदोलनानंतर. तिकडे 1993 पासून सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. गणपतराव त्यात अण्णांच्या बरोबरीने उभे होते. आणि 1995 ला त्यांच्याच सांगोल्याने त्यांना पाडलं! तरी पाण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. 1999 ला लोकांनी पुन्हा निवडून दिलं.

परिषदेत ठराव होतो, पण तो सभागृहात मांडायला आमदारच लागतो. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणं), कपात सूचना (खात्याच्या मागणीतला पैसा कमी करा, असं मांडून त्या खात्याच्या कारभारावर बोट ठेवणं): हे सगळं विरोधी बाकावरूनही करता येतं. मंत्र्याने दिलेलं उत्तर कामकाजात छापून राहतं, आणि पुढच्या अधिवेशनात तेच पान उघडून त्याला जाब विचारता येतो. हे चिकाटीचं काम आहे रे, आणि मला त्याचा फार आदर वाटतो.

तुमच्या भागात कालव्याच्या शेवटच्या गावांना पाणी पोचत नाही, असं तूच लिहिलंस. मग त्या कालव्यावर आजवर कोणी काय विचारलं, सरकारने काय कबूल केलं, ते विधानसभेच्या ग्रंथालयात बसून उतरवून घे. पावसाळी अधिवेशनाआधी प्रश्न तयार ठेव. पाटबंधाऱ्याचं काही अडलं तर बाबांना फोन कर, संध्याकाळी ते घरीच असतात.

तुझी,
आई