उताऱ्यातले मुख्य वाक्य मुलांना सापडले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, हे जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. आमच्या भागात शब्दांची मोजणी घड्याळ लावून होते, 'अर्थासह' मात्र मागे पडते. पाचवी-सहावीतली मुले उतारा खणखणीत वाचतात. 'यात मुख्य काय सांगितले आहे?' असे विचारले की पहिल्या वाक्यावर बोट ठेवतात, नाहीतर ज्यात साल किंवा आकडा आहे त्यावर. आकड्यावर प्रश्न येतो हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. गावातली मुले संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला बसतात. त्यांच्यासाठी मी फरदडीवर, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी (कपाशीची झाडे) न काढता घेतलेल्या वाढीव पिकावर, चार चिठ्ठ्या केल्या: 'कपाशीची फरदड घेऊ नये.' 'हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहते.' 'तिचा जीवनक्रम तुटत नाही.' 'पुढच्या हंगामात ती पुन्हा कपाशीवर येते.' फरदडीचे वाक्य वर होते तोवर सगळ्यांना सापडले. तीच चिठ्ठी खाली सरकवली, तर बहुतेकांचे बोट पुन्हा वरच्याच वाक्यावर. मग प्रत्येक वाक्याला 'का?' विचारायला लावले. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, बाकीचे तिन्ही फरदडीचंच कारण सांगून राह्यले." हे तिला कोणी सांगितले नव्हते, तिने वाचून काढले. फरदड म्हणजे काय हे घरच्या वावरात पाहिलेले असल्यामुळे तिचे सगळे लक्ष वाक्यांच्या नात्यावर राहिले. म्हणून सुरुवात ओळखीच्या विषयाने करावी, असे मला ठामपणे वाटते.

मुलांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. उतारा कशाबद्दल आहे आणि त्याबद्दल लेखकाचे म्हणणे काय आहे? 'कापूस' हे पहिल्याचे उत्तर झाले, दुसऱ्याचे नव्हे. हा फरक न कळलेला विद्यार्थी पुढे दहावीत उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहायला बसतो आणि मधलीअधली वाक्ये जशीच्या तशी उतरवतो.

'मुख्य वाक्य पहिलेच असते' हा नियम मात्र कृपा करून कोणी पाठ करून घेऊ नये. लोणारचे पाणी खारे आहे, त्यात खाऱ्या पाण्यातच वाढणारे सूक्ष्मजीव आहेत, जून २०२० मध्ये त्यांच्यामुळे पाणी गुलाबी झाले, असे सांगत सांगत 'हे सरोवर साध्या तळ्यासारखे नाही' हे वाक्य शेवटी येऊ शकते. इथेही मुले '२०२०'ला भुलतात. काही उताऱ्यांत मुख्य वाक्य लिहिलेलेच नसते, ते मुलाने आपल्या शब्दांत मांडायचे असते. आणि गोष्टीच्या परिच्छेदात ते शोधायला लावूच नये. तिथे फक्त पुढे काय झाले ते असते, आणि असे शोधायला लावले की मुलांचा वाचनातला रस जातो.

गाइडमधल्या तयार उत्तरांतून हे येणार नाही. गावात वर्तमानपत्र रोज येते. आपण जिल्ह्याच्या पानावर आठवड्यातून एकदा पाच-सहा वाक्यांचा एक उतारा छापावा, शेतीचा, पाण्याचा, आरोग्याचा, आणि खाली एवढेच विचारावे: यातले कोणते वाक्य बाकीच्यांना धरून ठेवते, आणि कशावरून? उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावे. शिक्षकांना वर्गात वापरायला नवा मजकूर मिळेल आणि घरी आईवडिलांनाही मुलांसोबत बसता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ