पूजेची पाळी नोटरीच्या कागदाने फिरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र जवळ आले की गावोगावच्या देवळांत पूजेच्या पाळीचे, म्हणजे ठराविक काळ पूजा करून उत्पन्न घेण्याच्या वंशपरंपरेच्या हक्काचे, वाद उकरले जातात. आश्विन कोणाकडे, ओटीचे उत्पन्न कोणाचे, आणि बहिणीने पाळीचा हक्क सोडल्याचा लिहून दिलेला कागद खरा की खोटा? बहुतेक वेळा तो कागद मुद्रांकावर, नोटरीपुढे केलेला असतो. त्याने हक्क फिरलेलाच नसतो.

वंशपरंपरेची पूजेची पाळी ही कायद्याने स्थावर मिळकत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रामरतन विरुद्ध बजरंगलाल या खटल्यात तसे म्हटले आहे. म्हणून बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते; बक्षीसपत्राला दोन साक्षीदारही लागतात. पण तेवढ्यानेही भागत नाही. घेणारा वारसांच्या ओळीतला किंवा सहपाळीदार हवा आणि पैशाची देवघेव नको. परक्याला विकलेली पाळी नोंदणीकृत खरेदीखत असूनही टिकत नाही, हे १९७४ च्या कालीकिंकर गांगुली निकालात आहे. इथेच मोठी चूक होते. शेतजमिनीच्या हक्कसोडपत्राचा नमुना समोर ठेवून दस्त लिहिला जातो आणि त्यात ‘मोबदला रोख पावला’ ही ओळ तशीच राहते. भावाभावांतला चांगला दस्त त्या एका ओळीने अडचणीत येतो.

मुलीला किंवा विधवेला पाळी नाही, असे सर्रास सांगतात. ते चूक आहे आणि अन्यायाचेही आहे. १९५६ च्या वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई पहिल्या वर्गातले वारस आहेत. स्वतः गाभाऱ्यात पूजा करण्याची रूढी नसेल तर स्त्रीने योग्य माणसाकरवी ती करून घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच मान्य केले आहे. याविरुद्ध रूढी असल्याचे सांगणाऱ्याने ती पुराव्याने सिद्ध करावी.

वाटणीपत्रात अधिक मासाची ओळ हवीच. तीन शाखा आणि महिन्याची पाळी असेल तर बाराला तीनने पूर्ण भाग जातो, म्हणजे आश्विन दरवर्षी त्याच शाखेकडे. अधिक मास स्वतंत्र पाळी धरला तर क्रम एका शाखेने सरकतो. त्याच नावाच्या नेहमीच्या (निज) मासाला जोडला तर कधीच सरकत नाही. २०२३ चा अधिक श्रावण, २०२६ चा अधिक ज्येष्ठ कसा धरायचा हे लिहिलेले नसेल, तर भांडण ठरलेलेच. सुतकात पाळी कोणी चालवायची आणि त्या दिवसांचे उत्पन्न कोणाचे, हेही लिहावे.

पुण्या-मुंबईला राहणारे पाळीदार चुलतभावाला ‘तू बघ’ म्हणून निश्चिंत होतात. मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद १०७ प्रमाणे वंशपरंपरेच्या अधिकारपदासाठी दाव्याची मुदत १२ वर्षे आहे, समोरच्याने तो हक्क स्वतःचा म्हणून बळकावल्यापासून. त्यामुळे दरवर्षी ‘माझ्या वतीने पाळी चालवावी’ असे पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि उत्पन्नातला हिस्सा बँकेतून घ्यावा. परवानगीने चालवलेली पाळी बळकावलेली ठरत नाही. परवानगीचा पुरावा मात्र हवा.

ट्रस्टने पगारावर नेमलेल्या पुजाऱ्याला यातले काही लागू नाही. पंढरपुरात तर १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्कच संपवले आणि २०१४ मध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले. जिथे पाळीदार विश्वस्तही असतो, तिथे त्याच्या मृत्यूनंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली विश्वस्त बदलल्याचा ‘बदल अर्ज’ द्यावा लागतो. त्या नोंदीने विश्वस्त बदलतो, पाळीचा वारसा ठरत नाही. तो वाद दिवाणी न्यायालयाचा. देवाच्या इनाम जमिनीचे मालक तर देवच. ती पाळीबरोबर लिहून देता येत नाही.

देवस्थान समित्यांना विनंती आहे की नोंदणीकृत दस्त आणि मुली-विधवांसह पूर्ण वंशावळ पाहिल्याशिवाय पाळीवहीतले नाव बदलू नये.

आपला,
एक वाचक (दिवाणी वकील), सातारा