पायऱ्या पाडून ट्रॅक

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय बंडू,

इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, त्या घालून घे. घरी सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच. पत्राचं कारण वेगळं आहे. कॉलेजनं आपल्या फुटबॉलच्या मैदानाचा नवा नकाशा बोर्डावर लावलाय. 400 मीटरचा, आठ लेनचा सिंथेटिक ट्रॅक, आणि तो बसवायला प्रेक्षकांच्या बसायच्या पश्चिमेच्या पायऱ्या पाडायच्या. होय, त्याच. नान्याला सांगितलं, तर म्हणतो, "बरंच की, सकाळी फिरायला होईल." आता बोल.

ट्रॅक वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मापं बघ. सरळ बाजू 84.39 मीटर, वळणाची त्रिज्या 36.5, एक लेन 1.22. आठ लेन धरल्या की बाहेरून 177 बाय 92.5 मीटर जागा लागते. लांबी आपल्याकडं आहे, गाडं अडतं ते रुंदीत. म्हणून पायऱ्यांवर कुऱ्हाड. नवी गॅलरी पूर्वेला. म्हणजे चारला सामना सुरू झाला की मावळेपर्यंत ऊन थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत. मैदान उत्तर-दक्षिण ठेवतात ते गोलकीपरच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून, आणि प्रेक्षक पश्चिमेला बसवतात ते ऊन पाठीवर यावं म्हणून. एवढं पेठेतल्या शेंबड्या पोरालाही कळतं, कारण ते रोज तिथं बसतं. नकाशा काढणारा बहुधा एसीत बसून काढतोय.

आता अंतर बघ. टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेपासून, ट्रॅकची आतली कड अडीच मीटरवर, पुढं लेनचे पावणेदहा, मग गटार आणि जाळी. पहिल्या ओळीतला माणूस चौदा मीटर लांब गेला. गोलामागं तर ट्रॅकच्या बाहेरच्या कडेपर्यंतच 36 मीटर! तिथून तुझ्या त्या प्रसिद्ध शिव्या रेफ्रीला ऐकूही जायच्या नाहीत, त्याचं तेवढं भलं होईल. खासबागेत कुठंही बसलं तरी पैलवानाचा पाय दिसतो, कारण आखाड्यापासून चहूबाजूंनी उतार धरलाय. ते काम 1912 चं. शंभर वर्षांनी आपण उलटे निघालो.

105 बाय 68 चं मैदान ट्रॅकच्या आत बसतं, हे खरं. पण कॉर्नरच्या झेंड्यापासून ट्रॅकच्या ॲल्युमिनियमच्या कडेपर्यंत जेमतेम एक मीटर उरतो. कॉर्नर मारणारा धाव घेणार ट्रॅकवरून, मध्ये पाच सेंटिमीटर उंचीची कड, आणि बुटाचे स्टड घासणार तेरा मिलिमीटरच्या थरावर. थर उचकटला की खाली पाणी शिरतं आणि फोड येतात. इलाज आहे. कड काढता येईल अशी बसवायची आणि चार कोपऱ्यांवर कृत्रिम गवताची पट्टी टाकायची. नकाशात दोन्ही नाहीत. हातोडाफेकीचा पिंजरा मात्र आहे! 7.26 किलोचा गोळा सेंटरला पडणार, आणि ते खड्डे कोण बुजवणार?

गवताची तर थट्टाच आहे. अंदाजपत्रकात "मुरूम भराव व रोलिंग" एवढी एकच ओळ. मुरुमावर रोड रोलर फिरवला की जमीन रस्त्यासारखी घट्ट होते, वर लाल माती आणि लॉन अंथरलं तरी आपल्या पावसाळ्यात पाणी मुरायला वाटच नाही. खरं तर हवं असं: खाली दर पाच-सहा मीटर अंतरानं भोकांचे पाइप, त्यावर 10 सेंटिमीटर खडी, वर 30 सेंटिमीटर वाळूचं मिश्रण, आणि मधून कडेला शंभराला एक उतार, म्हणजे मध्यरेषा कडेपेक्षा 34 सेंटिमीटर उंच. नुसतं वाळूचं मिश्रणच साडेसातशे ब्रास लागतं. एप्रिलमध्ये रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर 35 हजार लिटर, दहा हजारी साडेतीन टँकर. बोअर कुठं, टाकी कुठं? नकाशात कारंजं आहे.

तू म्हणशील, कृत्रिम गवत टाका. तो वाद परत काढू नकोस. एप्रिलच्या दुपारी ते तव्यासारखं तापतं, आठ-दहा वर्षांनी गालिचाच बदलावा लागतो, आणि तेव्हा पैसे द्यायला आजच्या कारभाऱ्यांतला एक जण जागेवर नसेल.

खरी धास्ती पुढची आहे. सिंथेटिक ट्रॅक झाला की गेटला कुलूप, कार्ड, भाडं. पेठांची पोरं पहाटे सराव करतात ती कुठं जाणार? गांधी मैदानात पावसाचं पाणी साचतं. सगळा भार शाहू स्टेडियमवर आला तर गोलपुढचं गवत जानेवारीतच उडेल. मुलींचा संघ आता कुठं उभा राहतोय, त्यांना तर सगळ्यात आधी "उद्या या" म्हणतील. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा आपण गुलाल उधळला, पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. पोरं पेठेत जन्मतात आणि मैदानासाठी गाव सोडतात, आणि इथले फुटबॉलशौकीन फक्त वर्गणी देणार.

माझं म्हणणं सोपं आहे. पायऱ्यांना हात लावू नका. पूर्वेच्या कडेला सहा लेनची सरळ धावपट्टी करा, साडेसात मीटर रुंद, 130 मीटर लांब. सुरुवातीला तीन मीटर, 110 मीटरची हर्डल म्हणजे अडथळ्यांची शर्यत, थांबायला 17. शेजारी लांब उडीचा खड्डा. उरलेले पैसे निचऱ्यात घाला. सर म्हणाले, "लेखी दे." पिंट्या म्हणाला, "मोर्चा काढू." पिंट्याला मोर्च्याशिवाय दुसरं काही सुचत नाही, तुला माहीत आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची परीक्षा झाली का? पोरगं चालायला लागलं असेल. फोटो पाठव. गाडी अजून तीच का?

हरकती महिनाअखेरपर्यंत घेणार आहेत. तुझ्या ऑफिसातलं लेव्हलचं मशीन आणि स्टाफ घेऊन एका रविवारी ये. पायऱ्यांपासून पूर्वेच्या भिंतीपर्यंत दर पाच मीटरवर लेव्हल घेऊ आणि जमिनीचा चढउतार दाखवणारा आपलाच छेद काढून हरकतीला जोडू. जेवायला घरीच. तांबडा-पांढरा आई करेल, गुडघा असला तरी.

तुझा,
सुन्या