विषय: पान कापलेली प्रत ‘नवी’ म्हणून विकल्याबद्दल

मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या पर्यवेक्षकांनी आज फोन ठेवला, म्हणून आता लेखी देते आहे. ऑर्डरचा तपशील आणि फोटो तुमच्याकडे आहेत.

‘अ रीथ फॉर एमेट टिल’ या पंधरा सॉनेटांच्या, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांच्या, पुस्तकाच्या तुम्ही पाठवलेल्या प्रतीतून एक पान कापलेले आहे. शिवणीजवळ ब्लेडची सरळ कड दिसते. त्या पानाबरोबर आठवे सॉनेट गेले आणि एक पानभर चित्रही गेले. प्रत मात्र ‘नवी’ म्हणून पूर्ण किमतीला विकलीत.

हे मी पर्यवेक्षकांना सांगितले. ते म्हणाले, “मॅडम, पंधरातली एकच कविता नाहीये ना? चौदा आहेत की.” मी म्हटले, या पंधरा कविता सुट्या नाहीत. एका सॉनेटची शेवटची ओळ पुढच्याची पहिली होते आणि चौदांच्या पहिल्या ओळी मिळून पंधरावे तयार होते. आठव्याची पहिली आणि शेवटची ओळ मला शेजारच्या सॉनेटांत दिसते, मधल्या बारा ओळी कुठून आणू? त्यावर उत्तर आले, “मग अर्थ लागतोच की.” आणि चित्राचे काय, असे विचारले तेव्हा, “चित्रं काय, सजावटीला असतात. शंभर रुपये वॉलेटला टाकतो.”

सजावटीला! एमेट टिल हा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा होता. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला आणि तिथे गोऱ्यांनी त्याला मारून नदीत टाकले. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवायला लावली. आपल्या मुलाचे काय केले ते लोकांनी डोळ्यांनी पाहावे, हा त्यांचा हट्ट होता. सगळ्या गोऱ्या ज्युरीने तासाभरात आरोपींना सोडले, पण त्या उघड्या शवपेटीतले त्याचे छायाचित्र देशभर पोहोचले होते. त्या मुलावरच्या पुस्तकातले चित्र नसले तरी चालेल, असे पुस्तके विकणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो. मॅरिलिन नेल्सन यांच्या ओळी आणि फिलिप लार्डी यांची चित्रे २००५ पासून एकत्र छापली जातात, ती शोभेसाठी नव्हे.

आमचा वाचनगट दलित कवितेसोबत हे पुस्तक वाचणार होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे नाव घेऊन, त्यामुळे हे दुःख आम्हाला परके नाही. गटातल्या मुलांच्या हातात कापलेले पुस्तक मी देणार नाही.

वॉलेटचे शंभर रुपये मला नकोत. पूर्ण प्रत पाठवा आणि ही तुमच्या खर्चाने परत न्या. ‘चौदा आहेत की’ हे वाक्य तुमच्या कॉल रेकॉर्डिंगमध्ये असेल, ते स्वतः ऐका. इतकी वर्षे मी पुस्तके तुमच्याकडूनच घेत आले, म्हणून हे जास्त लागले. कापलेली प्रत नवी म्हणून विकणे ही चूक नसून फसवणूक आहे.

आठ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे ही प्रत घेऊनच येईन.

एक ग्राहक