वाटी किती मोठी, हे कुणी सांगितलंच नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मधुमेहींच्या आहारावरचा लेख वाचला. साखर बंद, भात कमी, वजन उतरवा. टाइप टू असलेल्यांना यातलं बरंच लागू पडेल. टाइप वनचा मात्र त्यात उल्लेखही नाही, आणि माझ्या मुलीला टाइप वन आहे. नवव्या वर्षी निदान झालं. तिच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्या. गोड खाल्ल्याने हे झालेलं नाही आणि गोड सोडून बरंही होणार नाही.

रुग्णालयातून सोडताना आमच्या हातात एक झेरॉक्स ठेवली होती. पहिलीच ओळ, ‘वजन आटोक्यात ठेवा’. पोर तेव्हा वाळून काडी झाली होती! इन्सुलिनची सुई कशी टोचायची ते नर्सने नीट शिकवलं. जेवण आणि डोस यांची सांगड कशी घालायची, हे कुणीच बोललं नाही.

कागदावर ‘भात एक वाटी’ होतं. आमच्या घरात तीन आकारांच्या वाट्या. एक दिवस तिन्ही भरून काट्यावर ठेवल्या, तर भात ९०, १४० आणि २१० ग्रॅम भरला. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. तिला तेव्हा १५ ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन लागायचं. म्हणजे नुसती वाटी बदलली की दोन युनिटांहून जास्त फरक, आणि एवढ्या लहान जिवाला तो फार होतो. रक्तातली साखर का चढते, का उतरते, हे कोडं मला त्या काट्यावर उलगडलं.

त्याआधीची एक रात्र मी विसरू शकत नाही. दोनच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, रक्तातली साखर ५२ पर्यंत घसरलेली. कागदावर ‘साखर बंद’ होतं म्हणून साखरेचा डबाच मी माळ्यावर टाकला होता. हाताला चॉकलेट लागलं, तेच भरवलं. वीस मिनिटांनी ५०. चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात मिसळायला वेळ लागतो. अशा वेळी तिच्या वयाच्या मुलीला १० ते १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा पाण्यात विरघळवलेली साधी साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. हे मला आधी माहीत असायला हवं होतं. शेवटी स्टूल लावून डबा खाली काढला.

हे शिकवता येतं. ब्रिटनमध्ये टाइप वनच्या प्रौढांसाठी ‘डॅफ्ने’ नावाचा पाच दिवसांचा वर्ग आहे. मूळ पद्धत जर्मनीतली. ताटातली कर्बोदकं मोजून डोस स्वतः ठरवायला तिथे शिकवतात. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोक मोकळेपणाने जेवू लागले, तीन महिन्यांची सरासरी साखर सुधारली आणि साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाण वाढलं नाही.

निदान झालेल्या प्रत्येक घराला आहारतज्ज्ञाने काटा आणि ताट समोर ठेवून शिकवावं, ही माझी मागणी आहे. तेही एकदाच नव्हे. मूल वाढतं तसं युनिटाचं गणित बदलतं. आमचं तर चार वर्षांत अनेकदा बदललं.

आणि आपल्याला एक विनंती. टाइप वनवर वेगळा लेख द्या, त्यात रोजच्या पदार्थांतल्या कर्बोदकांचा ग्रॅममधला तक्ता छापा. आमच्यासारखी घरं तो कापून फ्रिजवर लावतील.

आपली,
टाइप वन असलेल्या एका मुलीची आई